नाताळची शांती: देवदूतांच्या एका शब्दाची पार्श्वभूमी

ख्रिस्तजन्माच्या सणाला आपण मराठीत नाताळ म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला आणि पोर्तुगीजमध्ये तो लॅटिनमधल्या 'नातालिस' या शब्दापासून उतरला. 'नातालिस' म्हणजे जन्मदिवस. पाचव्या शतकात रोमचे पोप लिओ पहिले यांनी या सणाच्या एका प्रवचनात हाच शब्द एका वाक्यात दोनदा योजला होता, आणि ते वाक्य मराठीत जवळजवळ जसेच्या तसे सांगता येते: प्रभूचा नाताळ तोच शांतीचा नाताळ. शुभेच्छापत्रांवर दरवर्षी 'शांती' छापलेली असते आणि ती वाचताना मनाचा निवांतपणा किंवा थांबलेले युद्ध एवढेच डोळ्यांपुढे येते. लिओ यांना अभिप्रेत असलेली शांती याहून निश्चित होती. देवापासून दुरावलेला माणूस आणि देव यांच्यात झालेला समेट, असा तिचा अर्थ होता. या अर्थाचा माग काढायचा तर सुरुवात रोमन सम्राटापासून करावी लागते, कारण येशूची जीवनकथा सांगणाऱ्या बायबलमधल्या चार शुभवर्तमानांपैकी एकाचा लेखक लूक याने तशीच केली आहे.

सर्व जगाची नावनिशी लिहिली जावी अशी कैसर औगुस्ताची आज्ञा झाली, या वाक्याने लूक ख्रिस्तजन्माची कथा सुरू करतो. लूकचे पहिले वाचक हे नाव वाचल्याबरोबर 'शांती' हाच शब्द आठवणारे लोक होते. यादवी युद्धांनी पोखरलेले साम्राज्य औगुस्ताने सावरले होते. युद्धकाळात उघडे राहणारे जानुस देवाच्या मंदिराचे दरवाजे आपल्या कारकिर्दीत तीनदा बंद झाले, याचा त्याला मोठा अभिमान होता. इ.स.पू. १३ मध्ये रोमच्या सेनेटने 'औगुस्ताच्या शांतीची वेदी' उभारण्याचा ठराव केला आणि इ.स.पू. ९ च्या ३० जानेवारीला ती संगमरवरी वेदी अर्पण झाली. त्याच वर्षी आजच्या तुर्कस्तानातल्या प्रिएने नगरीत एक शिलालेख कोरला गेला, ज्यात या सम्राटाचा जन्मदिवस म्हणजे जगासाठी सुवार्तेचा आरंभ असे म्हटले असून वर्षारंभही त्याच दिवसापासून धरावा असे ठरवले आहे. जन्म, सुवार्ता, तारणारा, शांती हे सगळे शब्द बेथलेहेमच्या आधीपासून राजदरबारात रुळलेले होते.

त्या शांतीची दुसरी बाजू येशूच्या जन्मभूमीने जवळून पाहिली होती. इ.स.पू. ४ मध्ये हेरोद राजा मरण पावल्यावर यहूदिया आणि गालील या प्रांतांत उठाव झाले, तेव्हा सीरियाचा रोमन सुभेदार वारुस सैन्य घेऊन आला आणि त्याने सुमारे २,००० बंडखोरांना क्रुसावर खिळले, अशी नोंद यहुदी इतिहासकार योसेफस याने केली आहे. नासरेथपासून तास-दीड तासाच्या पायवाटेवर असलेले सेफोरिस शहर तेव्हा जाळले गेले आणि तिथले रहिवासी गुलाम म्हणून विकले गेले. नासरेथमध्ये वाढणाऱ्या मुलाच्या कानांवर या गोष्टी पडल्याच असतील. म्हणून लूक जेव्हा औगुस्ताचे नाव घेऊन लगेच एका परगावी आलेल्या जोडप्याकडे, उतारशाळेत जागा न मिळाल्यामुळे बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत निजवलेल्या बाळाकडे आणि रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांकडे वळतो, आणि 'पृथ्वीवर शांती' हे शब्द देवदूतांच्या तोंडी घालतो, तेव्हा वेदीवर कोरलेल्या शांतीसमोर तो दुसरीच शांती उभी करत असतो.

ही दुसरी शांती इस्राएलच्या जुन्या शास्त्रातून आलेली आहे. लूकने लिहिले ग्रीकमध्ये, पण त्याच्या शब्दामागे हिब्रू 'शालोम' आहे आणि शालोमच्या धातूला पुरते असणे, अखंड असणे असा अर्थ आहे. त्याच धातूपासून भरपाई करण्याचे, देणे चुकते करण्याचे क्रियापद बनते. चोराने चोरलेल्या बैलाची भरपाई कशी करावी हे निर्गम पुस्तकात सांगताना तेच क्रियापद येते. लेवीय पुस्तकातल्या 'शांत्यर्पण' या यज्ञाचे नावही त्याच कुळातले आहे. त्या यज्ञात चरबी वेदीवर जाळली जाई, याजकांना त्यांचा वाटा मिळे आणि उरलेले मांस अर्पण करणारा आपल्या माणसांसह देवासमोर जेवत असे. देणे फिटले आहे आणि एका पंगतीला बसण्याइतके नाते पुन्हा जुळले आहे, हे शालोमचे चित्र. ते बिघडते कशाने हे यशया संदेष्ट्याने एका ओळीत सांगितले: तुमचे अपराध तुमच्या आणि तुमच्या देवाच्या आड आले आहेत. आणि ते पुन्हा जुळवणारा कुठून येईल हे मीखाने सांगितले: बेथलेहेम एफ्राथा या लहानशा गावातून निघणारा राज्यकर्ता, 'तोच आपली शांती' होईल. यशयाने त्याला 'शांतीचा अधिपती' म्हटले. ख्रिस्ती मंडळीने नाताळच्या वाचनांत या दोन्ही संदेष्ट्यांना मानाची जागा दिली ती यामुळेच.

देवदूतांच्या त्या ओळीतल्या एका अक्षराची कथा इथे थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण नाताळच्या शांतीविषयीचे पुष्कळसे गैरसमज त्या अक्षरापाशी येऊन थांबतात. लूकच्या दुसऱ्या अध्यायाच्या १४ व्या वचनाचा शेवट बहुतेक उत्तरकालीन ग्रीक हस्तलिखितांत 'एउदोकिया' या शब्दाने होतो, म्हणजे 'पृथ्वीवर शांती, मनुष्यांविषयी प्रसन्नता' असे दोन वेगळे तुकडे पडतात. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतराने हाच पाठ घेतला. पण चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन थोर हस्तलिखितांत मूळ नक्कलकाराने शब्दाच्या शेवटी 'सिग्मा' हे अक्षर लिहिलेले आहे आणि नंतरच्या एखाद्या दुरुस्ती करणाऱ्याने ते दोन्हींत काढून टाकले आहे. सिग्मा ठेवला की षष्ठी विभक्ती होते आणि ओळीचा अर्थ होतो: पृथ्वीवर त्याच्या प्रसन्नतेतल्या माणसांना शांती. लॅटिन भाषांतराने ही षष्ठी राखली खरी, पण तिचे शब्द ऐकून 'सदिच्छा बाळगणाऱ्या माणसांना शांती' असा समज युरोपभर पसरला, जणू ज्याचे मन आधीच चांगले आहे त्याला मिळणारे हे बक्षीस असावे. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत हिब्रू गुंडाळ्या सापडू लागल्या, आणि त्यांतल्या स्तोत्रांमध्ये 'त्याच्या प्रसन्नतेचे पुत्र' ही शब्दयोजना जशीच्या तशी मिळाली. तिथे प्रसन्नता नि:संशय देवाची आहे. आज प्रचलित असलेल्या मराठी पवित्र शास्त्रातही, म्हणजे बायबलमध्येही, ज्यांच्याविषयी देव संतुष्ट आहे त्या मनुष्यांत शांती, हाच अर्थ घेतलेला आहे. मला हे अक्षर फार मोलाचे वाटते. शांतीचा उगम माणसाच्या चांगुलपणात शोधायचा की देवाच्या कृपेत, हा सगळा प्रश्न त्या एका सिग्मावर तोललेला आहे, आणि त्या रात्री ही ओळ ऐकणारे मेंढपाळ काही पुण्याई गाठीशी बांधून माळावर बसलेले नव्हते.

लूकच्या शुभवर्तमानाआधीच ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने हा विचार धर्मशास्त्राच्या भाषेत मांडला होता. इ.स. ५७ च्या सुमारास रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की विश्वासाने नीतिमान ठरवले गेल्यामुळे आपल्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे आपल्याला देवाबरोबर शांती आहे. योगायोग असा, की इथेही हस्तलिखितांत एका स्वराचा फरक आहे: ऱ्हस्व 'ओ' घेतला तर 'शांती आहे', दीर्घ 'ओ' घेतला तर 'शांती बाळगू या'. आजचे बहुतेक अभ्यासक पहिला पाठ मानतात, कारण पौलाचा सगळा युक्तिवाद झालेल्या गोष्टीविषयी आहे. आपण शत्रू असतानाच पुत्राच्या मरणाने देवाशी आपला समेट झाला, असे तो पुढे लगेच सांगतो. 'समेट' हा मराठी शास्त्रातला शब्द या ठिकाणी फार नेमका आहे. भाऊबंदकीचा तंटा मिटवताना गावात जो शब्द वापरला जातो तोच इथे आला आहे, आणि त्यामुळे मराठी वाचकाला ही शांती कायदा, नाते आणि घर या तिन्ही अंगांनी एकदम कळते.

आता एक अडचण उघड आहे. पौल क्रुसाविषयी बोलतो, देवदूत जन्माविषयी. जन्माच्या सणाला समेटाचा अर्थ कसा आला? पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांना हा सणच ठाऊक नव्हता. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिगेन तर असे म्हणत होता की शास्त्रात वाढदिवस साजरे करताना दिसतात ते फारो आणि हेरोद, संत नव्हेत. २५ डिसेंबर या तारखेची जुनी लेखी नोंद इ.स. ३५४ मध्ये रोमला तयार झालेल्या एका पंचांगसंग्रहात मिळते आणि त्यातली ती यादी ३३६ सालची असावी असे मानले जाते. ही तारीख सूर्यदेवाच्या रोमन उत्सवाला उत्तर म्हणून ठरली की २५ मार्च या गर्भधारणेच्या मानलेल्या दिवसापासून नऊ महिने मोजून ठरली, हा वाद अजून चालू आहे. आपल्या विषयाला त्याने बाधा येत नाही. पूर्वेकडे ६ जानेवारीचा सण जुना होता आणि आर्मेनियन मंडळी आजही ख्रिस्तजन्म त्याच दिवशी साजरा करते.

खरे कारण तारखेत नसून ख्रिस्त कोण याविषयीच्या चौथ्या शतकातल्या वादात आहे. इ.स. ३२५ मध्ये निकेया येथे भरलेल्या धर्मसभेपुढे प्रश्न होता तो अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस याच्या शिकवणीचा. पुत्र थोर आहे, पण तोही निर्माण केलेला आहे, असे तो म्हणत होता. सभेने ते नाकारले आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे जाहीर केले. पुढे अलेक्झांड्रियाचे बिशप झालेले अथनासिउस या निर्णयासाठी पाच वेळा पदावरून हद्दपार झाले. त्यांचा आग्रह का होता हे समेटाच्या भाषेत समजते. दोन घरांतला तंटा मिटवणारा माणूस दोन्ही घरांना आपला वाटावा लागतो. गव्हाणीतले बाळ देवाच्या घरचे नसेल तर देवाच्या वतीने क्षमा देण्याचा अधिकार त्याला नाही, आणि ते खरोखर माणसाच्या घरचे नसेल, त्याला भूक, थंडी आणि मरण नसेल, तर माणसाच्या वतीने ते काही करू शकत नाही. देहधारणाचा सिद्धांत म्हणतात तो हा. क्रुसावर जे घडले ते घडू शकावे अशी व्यक्ती बेथलेहेमला जन्मली, म्हणून समेटाची सुरुवात तिथून मोजायची, असा विचार चौथ्या शतकात पक्का होत गेला आणि त्याच शतकात हा सण रोमपासून सीरियातल्या अंत्युखिया शहरापर्यंत पोहोचला. अंत्युखियात ३८६ साली तिथले धर्मगुरू योहान ख्रिसोस्तोम यांनी नाताळचे प्रवचन केले तेव्हा तिथे हा सण ठाऊक होऊन दहा वर्षेही झालेली नव्हती.

लिओ पहिले यांची कारकीर्द ४४० ते ४६१ अशी होती. औगुस्ताची शांती तोवर संपलेली होती. ४५२ मध्ये हूणांचा राजा अत्तिला इटलीत उतरला तेव्हा त्याला परतवण्यासाठी गेलेल्या शिष्टमंडळात लिओ होते, आणि ४५५ मध्ये वँडल टोळ्यांनी रोम १४ दिवस लुटले तेव्हाही ते शहरातच होते. दरम्यान ४५१ च्या खाल्सेदोन धर्मसभेत त्यांचे पत्र वाचले गेले आणि ख्रिस्त पूर्ण देव व पूर्ण मनुष्य आहे ही भाषा निश्चित झाली. अशा काळातल्या त्या प्रवचनात ते म्हणतात की देवदूतांनी ख्रिस्तजन्माच्या वेळी ज्या देणगीचा पहिला उच्चार केला तिच्याहून मोठे काय देवाकडून मागावे. ही शांती देवाची लेकरे जन्माला घालते, प्रेमाला दूध पाजते आणि ऐक्याची आई होते. पुढे ते पौलाचे तेच वचन घेतात, मात्र लॅटिन पाठानुसार: देवाबरोबर शांती बाळगू या. झालेला समेट जगून दाखवण्याची जबाबदारी त्या एका स्वराने ऐकणाऱ्यांवर येते. शहराच्या भिंती असुरक्षित असताना त्यांनी शांतीविषयी बोलणे टाळले नाही, यावरून त्यांची शांती भिंतींवर अवलंबून नव्हती हे दिसते.

मध्ययुगात या अर्थाला सर्वसामान्यांच्या डोळ्यांपुढे आणले ते गव्हाणीने. १२२३ च्या नाताळला इटलीतल्या ग्रेच्चो या डोंगरगावात असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी गवताने भरलेली गव्हाण मांडून तिच्याजवळ खरा बैल आणि खरे गाढव उभे केले आणि तिथे मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, साजरी करवली. आज वसईच्या वाड्यांत आणि गोव्याच्या घरांपुढे गोठा मांडणारी मुले बैल आणि गाढव हमखास ठेवतात. पण शुभवर्तमानांत या दोन प्राण्यांचा उल्लेखच नाही. ते आले यशयाच्या पहिल्या अध्यायातून. बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखते, पण माझे लोक मला ओळखत नाहीत, अशी देवाची तक्रार तिथे आहे, आणि त्या वचनाच्या ग्रीक भाषांतरात गव्हाणीसाठी जो शब्द आहे तोच लूकने वापरला आहे. चौथ्या शतकातल्या ख्रिस्ती शवपेट्यांवरच्या कोरीवकामात बाळाशेजारी हे प्राणी दिसू लागतात. म्हणजे गोठ्यातला तो मातीचा बैल केवळ शोभेचा नाही. दुराव्याची जुनी तक्रार मिटल्याची ती साक्ष आहे. मालकाची गव्हाण आता ओळखीची झाली आहे.

सोळाव्या शतकात युरोपातल्या धर्मसुधारणेच्या काळात प्रश्न पुन्हा व्यक्तीच्या मनात शिरला. मार्टिन लूथर १५०५ मध्ये मठात गेले, तासन्‌तास पापकबुली देऊनही त्यांच्या विवेकाला स्वस्थता मिळेना, आणि १५१५-१६ मध्ये रोमकरांच्या पत्रावर व्याख्याने देताना त्यांचा झगडा पौलाच्या शब्दांशीच चालला होता. नंतरच्या त्यांच्या नाताळच्या प्रवचनांत एकच शब्द वारंवार ठासून येतो: 'तुमच्यासाठी'. देवदूत मेंढपाळांना नुसते तारणारा जन्मला असे सांगत नाही, तुमच्यासाठी जन्मला असे सांगतो, आणि हा शब्द स्वतःला लावून घेतल्याशिवाय जन्माची कथा ऐकून काही उपयोग नाही, असे ते म्हणत.

मराठी मुलखात ही कथा फार लवकर मराठी ओवीत आली. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला पोहोचले आणि १६१६ मध्ये त्यांचे 'ख्रिस्तपुराण' राशोल येथे छापून निघाले. जवळपास ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला, पण त्याची भाषा मराठी आहे आणि घाट पुराणाचा आहे. जुनी पुराणे ज्यांच्या हातून गेली होती त्या नव्या ख्रिस्ती लोकांना त्यात आदामाच्या पतनापासून ख्रिस्ताच्या जन्म, मरण आणि पुनरुत्थानापर्यंतचा समेटाचा सगळा प्रवास आपल्या भाषेत मिळाला. इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्या पोर्तुगीज सत्तेच्या आश्रयाने हे घडले तिने १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाबद्दल शिक्षा देणारे धर्मन्यायालय, आणले होते. देवाबरोबरच्या शांतीचा निरोप आणि माणसांवरची जबरदस्ती एका जहाजातून आली, आणि औगुस्ताच्या शांतीची आठवण त्या राजवटीने पुन्हा करून दिली. ओव्यांची गोडी त्यामुळे कमी होत नाही, पण ती चाखताना हे विसरणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

एकोणिसाव्या शतकात मराठीत ही शांती स्वतःहून शोधणाऱ्यांमध्ये पंडिता रमाबाईंची साक्ष मला सर्वांत जवळची वाटते. संस्कृत शास्त्रांत निष्णात असलेल्या रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी निःसंकोचपणे लिहिले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त तो सापडला नव्हता, आणि हे आपल्याला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी कळले. धर्म बदलल्याने शांती मिळतेच असे नाही, हे इतक्या विदुषीने इतक्या साधेपणाने सांगितलेले मी दुसरीकडे फारसे वाचलेले नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार स्त्रिया आणि मुलींना आसरा देत असताना त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. अहमदनगरच्या परिसरात रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला झाला, हाच विषय अभंग आणि कीर्तनाच्या वाटेने लोकांपर्यंत नेत होते.

कॅथलिक देवळांत मिस्सा मराठीत ऐकू येऊ लागली ती दुसऱ्या व्हॅटिकन सभेने १९६३ मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केल्यानंतरच्या काळात. तोवर देवदूतांची ती ओळ लॅटिनमध्येच गायली जात असे. ती ओळ ज्या स्तोत्राच्या आरंभी आहे ते स्तोत्र आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या, चारही रविवारी गायले जात नाही. वेदीवरचे वस्त्र जांभळे असते. २४ डिसेंबरच्या रात्री मिस्सामध्ये धर्मगुरू ते स्तोत्र पुन्हा सुरू करतात, तेव्हा घंटा वाजू लागतात आणि बाळाची मूर्ती गव्हाणीत ठेवली जाते. त्यानंतर बराच वेळ जातो: वाचने होतात, प्रवचन होते, भाकर आणि द्राक्षारस अर्पण केला जातो, प्रभूची प्रार्थना म्हटली जाते. मग, प्रभुभोजनाच्या अगदी आधी, शांतीचे अभिवादन येते. आधी आपल्या भावाबरोबर समेट कर आणि मग येऊन आपले अर्पण वाहा, या ख्रिस्ताच्या सांगण्याची आठवण त्या जागी आहे. बाकांवरचे लोक हात जोडून शेजारच्याकडे वळतात, आणि कधी कधी वर्षभर न बोललेला चुलत भाऊ नेमका त्याच बाकावर बसलेला असतो.